अन्नसाखळी: फळ्यावरची आणि बांधावरची



शाळेच्या पुस्तकांतील कांहीं धडे असे असतात कीं, ते मुलांस चटकन् पाठ होतात आणि परीक्षा संपतांच तितक्याच चटकन् विसरले जातात. अन्नसाखळीचा धडा हा त्यांपैकींच एक. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्यास बेडूक खातो, बेडकास साप गिळतो आणि सापास घार उचलून नेते. पांच चौकोन, चार बाण आणि पुरे गुण! कोल्हापूर जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांतून मीं तीसएक वर्षें मास्तरकी केली आणि हे पांच चौकोन किती वेळां फळ्यावर काढले असतील ह्याची गणती नाहीं. आज ह्याच धड्याविषयीं बोलावयाचें आहे. तो कसा शिकवावा, आणि कसा शिकवूं नये. दुसऱ्या गोष्टीचा अनुभव मजपाशीं आधींचा आहे. म्हणून आरंभ तेथूनच करितों.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतील गोष्ट. शाळा करवीर तालुक्यांतील एका खेड्यांत होती. शाळेच्या भिंतीपलीकडे ऊंस आणि मध्यें एक जुना बांध. पावसाळ्याचे दिवस होते. सहामाही चाचणींत मीं अन्नसाखळीचा प्रश्न घातला होता आणि बहुतेक मुलांनीं तो बिनचूक सोडविला होता. उत्तरपत्रिका गोळा करून मी बाहेर पडलों तों अंगणांत गलका झाला. बांधावरून एक भली लांब धामण शाळेच्या आवारांत आली होती, आणि नुकतेंच ज्यांनीं सापाचा चौकोन काढून त्यास दोन बाण जोडले होते, त्याच मुलांनीं काठ्या-दगडांनीं तिला ठेचून काढली. मी काय केलें? मी उभा राहून पाहिलें आणि मुलांस शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या शेताचे मालक, एक वृद्ध गृहस्थ, शाळेंत आले. ते रागावले नव्हते. पण त्यांचें बोलणें मला अद्याप आठवतें. ते म्हणाले, "गुरुजी, ती धामण आमच्या बांधावरची हुती. तिच्या जिवावर उंदरांची काळजी न्हवती बघा. पोरास्नी साळंत ह्येच शिकिवतासा व्हय?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुरे गुण मिळविलेल्या उत्तरपत्रिका टेबलावर होत्या. मुलांना अन्नसाखळी येत होती; पण ती साखळी भिंतीपलीकडच्या उसांत असते, हें त्यांना ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर त्यांच्या गुरुजींनाही तें ठाऊक नव्हतें. त्या दिवसापासून मीं हा धडा फळ्यावरून उचलून बांधावर नेण्याचा प्रयत्न केला. तो कसा केला आणि त्यांत मला स्वतःला काय उमगलें, तेवढें आपणांपुढें ठेवितों.

ही कल्पना शास्त्रांत कोठून आली हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एका जिवाचें अन्न दुसरा, दुसऱ्याचें अन्न तिसरा, हें मनुष्यास फार पूर्वींपासून दिसत आलें आहे. पण त्यास शास्त्राची घडी बसविली ती चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन ह्या बर्फाळ बेटांवर जाऊन कोण काय खातो ह्याची त्यानें नोंद केली, आणि १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अन्नसाखळीची कल्पना मांडली. पुढें १९३५ सालीं टॅन्सले ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें सजीव आणि त्यांच्या भोवतालचें ऊन, माती, पाणी, हवा हीं सर्व मिळून एकच व्यवस्था होते असें सांगून तिला एक नांव दिलें. त्यासच आपण मराठींत परिसंस्था म्हणतों. मोठे शब्द आहेत. पण मुलांपुढें ते आरंभीं आणूं नयेत. आरंभ डब्यापासून करावा.

मधल्या सुटींत मुलांचे डबे उघडतात. भाकरी, पिठलें, एखाद्याच्या डब्यांत उकडलेलें अंडें, एखाद्याकडे दही, आणि कोल्हापुरांत गुळाचा खडा तर बहुधा असतोच. मुलांना विचारावें, ही भाकरी कोठून आली? ज्वारींतून. अंडें? कोंबडीपासून. कोंबडी काय खाते? दाणे आणि किडे. किडे काय खातात? पाला. दही म्हशीच्या दुधाचें आणि म्हैस खाते कडबा, गवत आणि ऊंसतोडीच्या दिवसांत उसाचें वाडें. कोणताही पदार्थ घ्या, मागें मागें जातां जातां मुलें अखेर एका हिरव्या पानापाशीं येऊन थांबतात. ही गोष्ट त्यांना सांगावी लागत नाहीं. ती त्यांची त्यांना सांपडते, आणि सांपडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

मग विचारावें, तें पान काय खातें? येथें निम्मा वर्ग म्हणतो, "खत." ही चूक मोठ्या माणसांतही आढळते. सतराव्या शतकांत व्हॅन हेल्मॉन्ट नांवाच्या एका विद्वानानें ह्याच प्रश्नासाठीं एक प्रयोग केला. कुंडींत २०० पौंड कोरडी माती तोलून घातली, त्यांत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें आणि ५ वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाडाचें वजन १६९ पौंडांच्या वर गेलें. माती मात्र सुमारें दोन औंसच कमी झाली. झाड मातीवर वाढलें नाहीं हें उघड झालें. त्यानें काढलेलें अनुमान, कीं झाड नुसत्या पाण्याचें बनतें, हें पुढें अपुरें ठरलें. झाड हवेंतील कर्बवायु आणि मुळांनीं ओढलेलें पाणी घेऊन, सूर्याच्या उन्हाच्या बळावर पानांत साखर तयार करितें. खतांतून त्यास क्षार मिळतात, आणि तेही हवेतच. पण आपल्या जेवणांत जसें मीठ, तसें तें आहे. जेवण नव्हे.

कोल्हापूरच्या मुलास हें समजाविण्यास गुऱ्हाळासारखें दुसरें साधन नाहीं. उसानें वर्षभर ऊन खाल्लें आणि त्याची साखर करून कांड्यांत सांठविली. आपण तो रस आटविला. म्हणजे हातांतील गुळाचा खडा हें सांठविलेलें ऊन आहे. तो खाऊन मुलगा मैदानावर धांवतो तेव्हां तेंच ऊन त्याच्या पायांत येतें. हें एकदां पटलें कीं बाणाचा अर्थ आपोआप कळतो. बाण "कोण कोणास मारतो" हें दाखवीत नाहीं. अन्न, आणि अन्नांतील शक्ति, कोणाकडून कोणाकडे जाते हें तो दाखवितो. म्हणून बाणाचें टोंक खाणाऱ्याकडे असावयास पाहिजे. मुलें हमखास उलटा बाण काढतात, कारण त्यांच्या मनांत धांवणारें जनावर असतें, वाहणारें अन्न नसतें. "बेरकी मोठा, बिचारा लहान" अशी गोष्ट त्यांनीं त्यांत पाहिलेली असते. ती पुसून हिशेबाची गोष्ट लिहिणें हें शिक्षकाचें काम.

आतां बांधावर चला. चार हात लांबीची दोरी घेऊन बांधाचा एक चौरस आंखावा आणि मुलांनीं घटकाभर गप्प बसून जें दिसेल तें लिहावें, एवढाच नियम. पहिल्या पावसाच्या दिवसांत आमच्या भागांत एक उत्तम उदाहरण मिळतें, तें हुमणीचें. वळीव पडला कीं संध्याकाळीं मातींतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमून पाला खातात. पुढें माद्या मातींत अंडीं घालतात. त्यांतून निघालेली पांढरी, वांकडी अळी म्हणजे हुमणी. ती उसाचीं आणि भुईमुगाचीं मुळें कुरतडते, आणि वरून हिरवा दिसणारा ऊंस एके दिवशीं पिवळा पडून नुसत्या हातानें उपटून येतो. शेतकऱ्याच्या मुलास ही कथा ठाऊक असते. कारण घरांत तिचा घोर लागलेला असतो.

मग हुमणीस कोण खातो तें पाहावें. नांगर चालूं लागला कीं मागें बगळे, कावळे, साळुंक्या आणि काळा कोतवाल ह्यांची पंगत बसते. उघड्या पडलेल्या अळ्या ते टिपतात. दिव्याखालीं जमलेल्या भुंगेऱ्यांवर बेडूक ताव मारतात. मातींत एक हिरवी बुरशी असते, तीही ह्या अळीस आंतून पोखरून मारते. शेतकी शास्त्रज्ञ हीच बुरशी वाढवून शेतांत टाकावयास सांगतात. बेडकास धामण खाते; पण ती उंदरांसही खाते, आणि उंदीर ऊंस खातात. उंदरांस घुबडही खातें. घुबडाचें छोटें भावंड जो पिंगळा, तो किडेही खातो आणि उंदराचीं पिल्लेंही. कावळा अळी खातो, दाणे खातो, मेलेला उंदीरही सोडीत नाहीं. मुलें हें सर्व कागदावर उतरूं लागलीं कीं पुस्तकांतील सरळ रेघ मोडून जाते. साखळी राहत नाहीं; जाळें होतें. शास्त्रांतही त्यास अन्नजाळें म्हणतात, आणि निसर्गांत सुटी साखळी अशी क्वचितच असते.

ह्यावर एक खेळ आहे. मुलांस गोल बसवावें; एक ऊंस, एक हुमणी, एक बेडूक, एक उंदीर, एक धामण, एक घुबड, एक सूर्य. ज्याचें अन्न ज्यास जातें, त्या दोघांच्या हातांत सुतळीचीं टोंकें द्यावीं. थोड्या वेळांत मध्यें कोळ्याचें जाळें तयार होतें. मग एकास, समजा धामणीस, हातांतील सुतळ्या सोडावयास सांगावें. ज्यांची सुतळी सैल पडली त्यांनीं हात वर करावा. आधीं बेडूक-उंदीर हात वर करितात आणि हंसतात, कारण त्यांचा शत्रु गेला. मग विचारावें, आतां उंदीर वाढले. त्यांची सुतळी कोणाकडून येते? उसाकडून. तेव्हां ऊंस झालेल्या मुलाचें हंसणें थांबतें. हा खेळ मीं धामणीपासूनच सुरू करीत असें. कां, तें श्रोत्यांस सांगावयास नको.

ह्या जाळ्यांत दुसराही एक हिशेब दडलेला आहे. रेमंड लिंडेमन ह्या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञानें मिनेसोटा प्रांतांतील एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून, शक्ति एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जातांना किती उरते ह्याचें गणित मांडलें. तो १९४२ सालीं अवघ्या २७ व्या वर्षीं वारला. त्याचा तो प्रसिद्ध निबंध त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. ढोबळ मानानें असें दिसतें कीं, प्रत्येक पायरीस सुमारें दहावा हिस्साच वर जातो. बाकीची शक्ति हालचालींत, अंगाच्या उष्णतेंत आणि न खाल्लेल्या भागांत खर्च होते. म्हणजे गवताच्या १००० भागांतून नाकतोड्यांचे १००, त्यांतून बेडकांचे १०, आणि त्यांतून सापाचा १. मुलांनीं विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें: रानांत हरणें पुष्कळ आणि वाघ इतके थोडे कां? वाघ थोडे असतात कारण त्यांना खालीं फार मोठा पाया लागतो. वरच्या टोंकाचा प्राणी हा राजा नव्हे. तो सर्वांत मोठा ऋणको आहे. खालचें गवत गेलें कीं पहिला दिवाळखोर तोच.

आपल्या कोल्हापुरांत ह्याचा दाखला आहे. संस्थानी काळांत येथें शिकारीसाठीं चित्ते पाळण्याची चाल होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवरून माळावर नेत आणि काळविटांच्या कळपावर सोडीत. राजर्षि शाहूमहाराजांच्या काळांतील ह्या शिकारी प्रसिद्ध आहेत. पण देशांतील माळरानें नांगराखालीं आलीं, काळवीट घटले, रानांतील चित्ते पकडून नेले गेले, बंदुकीनें मारलेही गेले, आणि पिंजऱ्यांत त्यांची वीण जवळजवळ होत नसे. शेवटीं शेवटीं येथील दरबारास चित्ते आफ्रिकेंतून मागवावे लागले. १९५२ सालीं भारतांतून चित्ता नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. पुढें २०२२ च्या सप्टेंबरांत नामिबियांतून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडले. परंतु चित्ता विमानानें आणतां येतो, तसें माळरान आणतां येत नाहीं, हें मुलांच्या ध्यानांत आणून द्यावें.

मधला धागा तुटला तर काय होतें ह्याचीं दोन उदाहरणें माझ्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलीं. पहिलें बेडकांचें. परदेशांत बेडकांच्या तंगड्यांस मागणी होती. पावसाळ्याच्या रात्रीं बत्ती घेऊन शेतांतून मोठे बेडूक पकडावयाचे, पाय तेवढे तोडून गोठवून परदेशीं पाठवावयाचे, असा धंदा देशाच्या अनेक भागांत चालला. १९८० च्या सुमारास वर्षास हजारों टन तंगड्या बाहेर जात. त्यांतून परकी चलन येई. पण शेतांतील किडे कोण खाणार हा प्रश्न जाणकार विचारूं लागले. किडे मारण्यासाठीं औषधें विकत आणावयाचीं आणि किडे फुकट खाणारा बेडूक विकून टाकावयाचा, हा कसला व्यवहार? शेवटीं १९८७ सालीं सरकारनें ही निर्यात बंद केली.

दुसरें उदाहरण गिधाडांचें. माझ्या लहानपणीं गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें जनावर टाकलें कीं आभाळांतून गिधाडें उतरत आणि पाहतां पाहतां हाडांचा सांगाडा उरे. लोक त्यांस अभद्र मानीत. पण तीं गांवाचीं सफाई कामगार होतीं. १९९० नंतर तीं दिसेनाशीं झालीं. देशांतील तीन जातींची संख्या शेंकडा नव्वदांहून अधिक घटली. कारण कोणास कळेना. २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं तें शोधून काढलें: दुखऱ्या गुरांस देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक नांवाचें वेदनाशामक औषध. गुरूं मेल्यावर तें औषध मांसांत राहतें आणि गिधाडाच्या पोटांत गेल्यास त्याचीं मूत्रपिंडें निकामी करितें. २००६ सालीं जनावरांसाठीं त्याचा वापर भारतांत बंद करण्यांत आला. तोंवर उघड्यावर पडलेल्या मांसावर कुत्र्यांचीं टोळकीं वाढलीं होतीं, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळल्या कुत्र्याच्या चाव्याचें भयही. औषध देणाऱ्याच्या मनांत पाप नव्हतें. त्यास गुराचें दुखणें थांबवावयाचें होतें. गोठ्यांतून आभाळापर्यंत गेलेला धागा त्यास दिसला नाहीं, इतकेंच. उंदरांसाठीं ठेविलेलें विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर घुबड उचलतें, तेथेंही हाच प्रकार होतो.

गिधाडाचें नांव निघालें म्हणून, पुस्तकांतील आकृतींत जो चौकोन बहुधा नसतोच, त्याविषयीं सांगितलें पाहिजे. घारीनंतर कोण? घार मेली कीं तिचें काय होतें? गळलेलें पान, शेण, मेलेला कीटक, ह्या सर्वांस गांडूळ, वाळवी, बुरशी आणि डोळ्यांस न दिसणारे जंतु कुजवून पुन्हां मातीचे क्षार करितात. ह्यांस विघटक म्हणतात. शक्ति सूर्याकडून येते आणि खर्च होऊन जाते, ती परत फिरत नाहीं. पण माती-पाण्यांतील द्रव्यें मात्र ह्या विघटकांच्या हातून पुन्हां मुळांकडे येतात. हा फरक मोठ्या मुलांस अवश्य सांगावा. आमच्याकडे ऊंस तुटल्यावर राहिलेलें पाचट पेटवून देण्याची खोड आहे. रान घटकेंत मोकळें होतें खरें. पण तो विघटकांच्या तोंडचा घास असतो. पाचट शेतांतच कुजूं दिलें तर ओल टिकते आणि माती भुसभुशीत होते. शाळेच्या कोपऱ्यांत एका खड्ड्यांत पाचट आणि शेण घालून मुलांस दर पंधरा दिवसांनीं उकरून पाहूं द्यावें. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला प्रयोग.

परंतु विघटकांसही अति झालें तर? त्यासाठीं कोल्हापूरकरांस रंकाळ्याहून दूर जावयास नको. नाल्यांवाटे सांडपाणी मिसळत राहिल्यानें हें तळें वेळोवेळीं केंदाळानें आणि हिरव्या शेवाळानें भरून गेलेलें आपण पाहिलें आहे. सांडपाण्यांतील क्षार म्हणजे पाणवनस्पतींस मिळालेलें भरमसाट खत. त्या माजतात, मरतात आणि तळाशीं कुजतात. कुजविणारे जंतु कोट्यवधि होतात आणि पाण्यांत विरघळलेला प्राणवायु ओढून घेतात. मासे गुदमरून वर येतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्यांच्या पाण्यानें भरणाऱ्या आपल्या पंचगंगेंतही उन्हाळ्यांत पाणी कमी आणि घाण अधिक झाली म्हणजे मेलेल्या माशांचा खच पडल्याचें आपण ऐकतों. माशांस कोणी मारावयास गेलें नव्हतें. साखळीच्या दुसऱ्याच टोंकास आपण नको तेवढें ओतलें.

शिक्षकबंधूंस एक सावधगिरीची सूचना. बांधावर मुलांस नेतांना सापाशीं खेळूं देऊं नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसें हे विषारी साप आपल्याच रानांत आहेत. धामण बिनविषारी आणि शेतकऱ्याची मैत्रीण खरी; पण ओळखण्यांत मोठ्यांचीही चूक होते. म्हणून नियम एकच: दुरून पाहावें, हात लावूं नये, मारूंही नये. साप घरांत शिरला तर जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. धामण म्हशीच्या पायांस विळखा घालून दूध पिते ही समजूतही वर्गांत मोकळेपणानें चर्चेस घ्यावी. सापाच्या तोंडाची ठेवणच चोखण्याजोगी नसते, आणि गोठ्यांत ती येते ती दुधासाठीं नव्हे, उंदरांसाठीं. मुलांची थट्टा न करितां हें सांगितलें तर तीं घरीं जाऊन आजीस सांगतात. आणि आजी ऐकते.

ह्या धड्याची परीक्षाही मग मीं बदलली. "अन्नसाखळी काढा" हा प्रश्न सोडून दिला. त्याऐवजीं विचारूं लागलों, "तुमच्या शेतांतून किंवा परसांतून एक प्राणी नाहींसा झाला, पुढील वर्षीं काय काय बदलेल तें लिहा." पाठ केलेलें येथें उपयोगीं पडत नाहीं. एका मुलीनें बगळ्याविषयीं लिहिलें, एकानें गांडुळाविषयीं. एकानें लिहिलें कीं माणूस नाहींसा झाला तर बहुतेकांचें बरें होईल, फक्त उवा आणि ढेकूण अडचणींत येतील! त्यास मीं पुरे गुण दिले. पण खालीं एक ओळ लिहिली, कीं माणसास निघून जावयाचें नाहीं, त्यास हिशेबानें राहावयाचें आहे.

निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यांत शाळेच्या आवारांत पुन्हां एक धामण आली. शाळा दुसरी, मुलें दुसरीं. बांध मात्र तसाच. गलका ऐकून मी बाहेर आलों. मुलें दहा-बारा हात दूर गोल करून उभीं होतीं आणि सातवींतील एक मुलगी पहिलींतल्या पोरांस मागें सारीत होती. कोणाच्याही हातांत काठी नव्हती. धामण अंगण ओलांडून सावकाश उसांत निघून गेली. मीं कोणास कांहीं म्हटलें नाहीं. घंटा झाली आणि मुलें वर्गांत गेलीं.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला इतकीं वर्षें लागलीं. तें ऐकावयास ते आतां नाहींत. म्हणून तें आज आपणांस सांगितलें.